आठ दिवसांची नळी, पंधरा मिनिटांची पिशवी

मला रुग्णालयाने फसवलं, आणि त्याआधी मी टोकावड्याच्या मंगलला फसवलं. क्रम हाच आहे. उलटा सांगितला तर मला बरं वाटेल, पण ते खोटं होईल, आणि खोट्यावर एकदा सही करून झाली आहे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘सेवेतल्या काही हृद्य आठवणी’ मागितल्या. मी एकतीस वर्षं नर्स होते. त्यातली शेवटची बारा वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत इन्चार्ज सिस्टर. आठ खाटा, दिवसपाळीला माझ्यासकट दोन सिस्टर, एक मावशी. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल. हृद्य आठवणी दुसरं कुणी लिहील. माझे गुडघे गेले, राग गेला नाही, आणि माझ्याकडे जी गोष्ट आहे ती लघवीच्या नळीची आहे.

आयसीयू म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रं आठवतात. ही नळी कुणाला आठवत नाही. करंगळीहून बारीक, मऊ. मूत्राशयात घालायची, आतल्या टोकाचा छोटा फुगा फुगवायचा म्हणजे निसटत नाही, आणि बाहेरचं टोक खाटेच्या कडेला खाली टांगलेल्या पिशवीला जोडायचं. पेशंट बेशुद्ध असेल, तासातासाला लघवी मोजायची असेल, तर तिच्याशिवाय चालत नाही. पण ती बाहेरून आत जाणारी वाट आहे आणि जंतूंना ती सापडते. जितके दिवस नळी, तितका धोका. घालताना हात स्वच्छ होते का, नळी मांडीला नीट चिकटवली का, पिशवी रिकामी करताना तिची तोटी भांड्याला टेकली का, एकाचं भांडं दुसऱ्याला लावलं का, हे सगळं सिस्टरने बघायचं. आणि पिशवी कायम कमरेच्या खाली. वर उचलली तर साचलेली लघवी उलटी आत जाते. हे सगळं केलं तरी सगळ्यात मोठा उपाय एकच, नळी लवकर काढणं.

मग काढत का नाहीत? हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. नळी घातली जाते पेशंटसाठी आणि राहते आमच्यासाठी. ती काढली की दर दोन तासांनी कुणीतरी भांडं द्यायला हवं, चादर बदलायला हवी, जड माणसाला कुशीवर वळवायला हवं. नळी असली की पिशवीवरचा आकडा बघा, लिहा, पुढच्या खाटेकडे जा. डॉक्टर छाती ऐकतात, मॉनिटर बघतात. पांघरुणाखाली काय राहिलंय ते त्यांच्या ध्यानात नसतं. ते ध्यानात ठेवणं हे आमचं काम.

मी ते भांडून केलं. माझी आई मुरबाडच्या बाजारात भाजी विकायची. नर्सिंगची फी तिच्या टोपलीतून निघाली, बाकीचं मी माझ्या तोंडाच्या जोरावर मिळवलं. तिच्याकडून एकच विद्या घेतली. भाव पटला नाही की ती तावातावाने उठायची, पण टोपली उचलायची नाही. गिऱ्हाईक मागून हाक मारायचंच.

राउंडला आमचे लहान डॉक्टर यायचे. लहान म्हणजे वयाने. मालक होते ते मोठे डॉक्टर. लहान डॉक्टर माणूस चांगला, पण घाईतला. रोज सकाळी आमचा हा बाजार भरायचा.

“सर, तीन नंबरची नळी.”

“राहू दे आज.”

“का?”

“सिस्टर, सकाळी सकाळी भांडू नका.”

“भांडत नाही, कारण विचारते. कारण लिहा, मी ठेवते.”

“उद्या बघू.”

“आज दुपारी काढते. भांडं मी देते, चादर मी बदलते. तुम्ही फक्त ‘काढा’ एवढं लिहा.”

“आणि लघवी अडली तर?”

“तर परत घालणारीही मीच आहे.”

ते लिहायचे. एकदा म्हणाले, “सिस्टर, तुम्ही चुकून इकडे आलात. तुम्ही बाजारात पाहिजे होतात.”

“तिथं आई होती, सर. इथं कुणी नव्हतं.”

कधी कधी पेशंटच माझं काम करायचा. शेणव्याचे एक आजोबा होते. छातीत दुखतं म्हणून आणलेले, तिसऱ्या दिवशी टुणटुणीत. मी औषधं काढत होते, मागे वळते तर आजोबा खाटेवरून उतरून चाललेले, लघवीची पिशवी झोळीसारखी खांद्याला.

“आजोबा, कुठं निघालात?”

“मुताय.”

“नळी लावलीय ना. आपोआप होते त्यातून.”

“तुमची होत असंल आपोआप. माझी मला करू द्या.”

“आधी ती पिशवी खाली करा! सगळं उलटं आत जाईल.”

“खाली केली तर पायात येते गो. मी पडू काय?”

आजोबांचं खरं होतं. जो चालतो त्याला नळी कशाला? त्याच तासाला काढली. दुपारी स्वतःच्या पायांनी संडासात गेले आणि आतून ओरडले, “झाली गो!” आठही खाटांना ऐकू गेलं. लहान डॉक्टरांनी राउंड थांबवून टाळ्या वाजवल्या.

बायकांचं मात्र असं हसण्यावारी जायचं नाही. आमच्याकडे पाड्यावरच्या बायका यायच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या यायच्या. जन्मभर पहाटे उठून आडोसा गाठलेल्या. त्यांची लघवी पारदर्शक पिशवीत, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर टांगलेली. दीर आला, व्याही आला, जावई आला की घरची बाई पहिलं काय करणार? पिशवी उचलून खाटेवर, पांघरुणाखाली. मी कित्येक वर्षं ओरडले. “हात लावू नका म्हटलं ना!” त्या घाबरायच्या आणि माझी पाठ वळली की परत तेच करायच्या.

शेवटी आमच्या सुमनमावशीने मला गप्प केलं. मावशी वॉर्डात झाडणं-पुसणं, पेशंटची उठबस सगळं करायची. म्हणाली, “बाय, तुमी ओरडल्यानं त्यांची लाज जाते काय? खाली टांगूनच झाका ना ती.”

मी घरून जुनी साडी आणली आणि लांबट थैली शिवली. वर नाड्या, खाटेच्या दांडीला बांधायला. खालून उघडी, म्हणजे तोटी मोकळी. एका बाजूला चीर, म्हणजे आकडा दिसेल. मावशीने तिला नाव दिलं, झबलं. रोज उकळत्या पाण्यात धुवून वाळवायची. पुढे पुढे पेशंटच्या लेकी-सुनाच जुनी लुगडी आणून द्यायच्या. आठ खाटांना आठ रंगांची झबली. पिशव्या वर जायच्या थांबल्या. एवढ्या वर्षांत मी काय केलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगते.

मग तपासणी आली. रुग्णालयाला दर्जाचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं की विम्याचे पेशंट वाढतात. फायली लावून द्यायला एक सल्लागार आणला होता. तो आयसीयूत शिरला आणि झबली बघून म्हणाला, “हे काय धुणं वाळत घातलंय?” मोठे डॉक्टर हसले आणि म्हणाले, “काढा ती.” मी वॉर्डातच आवाज चढवला. त्यांनी मला बोलू दिलं, मग शांतपणे म्हणाले, “झालं बोलून? काढा.” झबली कपाटात गेली. सुमनमावशी पुढच्या दारांच्या काचा पुसायला गेली. आणि मी ऑफिसात, फायली भरायला.

त्या फायलीत एक तक्ता होता. ‘नळीची गरज आज तपासली का?’ रोज, प्रत्येक पेशंटला, होय किंवा नाही. आम्ही तपासत होतो तोंडाने, म्हणजे भांडून. कागदावर काही नव्हतं. मागच्या कितीतरी महिन्यांचं ‘होय’ मी एका आठवड्यात भरलं. दोन वेगवेगळी पेनं वापरली, एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून. ही हुशारी मला कुणी शिकवली नव्हती.

मी ‘होय, होय’ लिहीत होते त्याच आठवड्यात चांगुणाबाई आली. टोकावड्याजवळच्या वाडीतली, सत्तरीची, फुप्फुसात पाणी झालेलं, धाप इतकी की बोलता येईना. पाणी उतरवायचं औषध सुरू केलं, लघवी मोजायची होती, नळी घातली. त्यात काही चूक नव्हती. चौथ्या दिवशी बाई उशीला टेकून बसली, सुनेच्या हातची पेज प्यायली. लहान डॉक्टर स्वतःहून म्हणाले, “सिस्टर, हिची नळी काढून टाका.” माझ्या सगळ्या नोकरीत डॉक्टर स्वतःहून म्हणाले असं क्वचित झालं. मी ‘हो’ म्हणाले.

आणि काढली नाही. पाण्याचं औषध चालू, म्हणजे बाईला तासातासाला लघवी होणार. भांडं द्यायला मावशी नाही. मी ऑफिसात. वॉर्डात एकटी नवी सिस्टर, आठ पेशंट. मी मनात म्हटलं, उद्या काढू. म्हणजे लहान डॉक्टर जे वाक्य बोलायचे आणि ज्यावर मी भांडायचे, तेच.

सातव्या दिवशी सकाळी भेटण्याच्या वेळेत मी सहज आयसीयूत डोकावले. चांगुणाबाईचा जावई खाटेपाशी उभा. सून मंगल बाजूला, डोक्यावर पदर. आणि पिशवी खाली नाही. पांघरूण उचललं तर म्हातारीच्या मांडीवर. मी जावयासमोर मंगलवर ओरडले. “अक्कल आहे का? मारायचंय का सासूला?” हे शब्द माझे आहेत. ते पुढे कुठे कुठे जाणार आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. भेटीची वेळ सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती. म्हणजे पिशवी फार तर तेवढा वेळ वर होती.

आठव्या दिवशी हुडहुडी भरून ताप. तेव्हा नळी काढली. लहान डॉक्टर म्हणाले, “लघवी कल्चरला पाठवा.” म्हणजे कुठला जंतू आहे, त्याला कुठलं औषध लागू पडेल, ते बघायला. मोठे डॉक्टर म्हणाले, “तपासणी होऊ दे. आत्ता तो रिपोर्ट फायलीत नको. औषध सुरू करा अंदाजाने.” आमच्या फायलीत लिहिलेलं होतं, सहा महिन्यांत नळीमुळे एकही संसर्ग नाही. लहान डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मी खिडकीकडे. तपासणी संपल्यावर, ताप आल्याच्या तिसऱ्या दिवशी नमुना गेला. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, देत होतो ते औषध त्या जंतूला लागूच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई गेली.

मुलगा विचारत होता, “पेज खात होती. बोलत होती. मग झालं काय?”

मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर शेवटचा कागद, आजाराचा सारांश. त्यात एक ओळ: ‘नातेवाइकांनी सूचनेविरुद्ध लघवीची पिशवी वर उचलली, त्यानंतर संसर्ग झाला.’ खाली इन्चार्ज सिस्टरची सही हवी होती.

“या ओळीखाली मी सही करणार नाही.”

“का? तुम्हीच वॉर्डात ओरडलात ना? सगळ्यांनी ऐकलं. यात खोटं काय आहे?”

खोटं काहीच नव्हतं. तेच वाईट होतं. पंधरा मिनिटं लिहिली होती. नळी चौथ्या दिवशी काढायची होती ते लिहिलं नव्हतं. नमुना उशिरा गेला ते लिहिलं नव्हतं.

“चार दिवस जास्त राहिली नळी,” मी म्हटलं.

“कुणामुळे राहिली, सिस्टर?”

मी उठले. तावातावाने दारापर्यंत गेले, आणि दाराला हात लावून थांबले. टोपली उचलली नाही. मागून हाक आली.

“काय पाहिजे तुम्हाला?”

आणि मी, आईची लेक, भाव केला. दिवसपाळीला तिसरी सिस्टर. मावशी परत आयसीयूत. झबली परत खाटांना.

“दिलं,” ते म्हणाले.

आईला कुणी पहिल्याच भावाला हो म्हटलं की ती नोट उजेडात धरून बघायची. मी बघितली नाही. मला वाटलं, एक ओळ गेली, पण पुढच्या कितीतरी म्हाताऱ्या वाचतील. ती ओळ कुणाच्या घरी जाऊन बसणार आहे, याचा विचार मी केला नाही असंही नाही. केला, आणि सही केली.

प्रमाणपत्र आलं, चौकट करून पुढच्या भिंतीवर लागलं. दीड महिन्यात तिसरी सिस्टर ओपीडीत गेली. मावशी काचांकडे. झबली ‘धुलाईत गहाळ’. मी केबिनमध्ये गेले.

“आपलं ठरलं होतं.”

“कुठे लिहिलंय?” मोठे डॉक्टर म्हणाले.

रोज सकाळी ‘कारण लिहा, मग ठेवते’ म्हणणारी मी, माझा सौदा तोंडी करून बसले होते.

त्यानंतरही मी तिथे तीन वर्षं काम केलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाल, नारळ, आणि त्या चौकटीखाली उभं करून फोटो.

फोटो घरी आला तेव्हा मी टोकावड्याची एसटी पकडली. वाडीत मंगलचं घर कुणीही दाखवलं. तिने मला ओळखलं. चहा केला, समोर बसली. मी सगळं सांगितलं. नळीचे आठ दिवस, उशिरा गेलेला नमुना, केबिनमधला सौदा.

मग ती म्हणाली, “मी मागितलं होतं तुमच्याकडं.”

“काय?”

“ते झबलं. आय बोलली, जावाय येणार हाय, पिशवी डोळ्यांसमोर नको. शेजारची बाय बोलली, हितं झबलं लावतात. मंग मी हापिसात आले तुमच्याकडं. तुमी काय तरी लिवत होतात. वर बी बघितलं नाय. बोल्लात, तपासणी होऊ दे, मंग.”

मला आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे, आणि काय लिहीत होते तेही मला ठाऊक आहे.

“माझी नणंद माहेरी येते,” मंगल म्हणाली, “ती माझ्या हातचं पाणी पीत नाय. जिच्या नवऱ्यासाठी मी पिशवी झाकली, ती. आयच्या वर्षश्राद्धाला मला चुलीपाशी जाऊ दिलं नाय. आन् हा काय बोलत नाय, पण बघतो.” हा म्हणजे तिचा नवरा.

“मी सांगते त्याला. आत्ता सांगते. शेतावर आहे का?”

“सांगा. ऐकंल तो. तुमाला चहा बी पाजंल.” ती उठली, फळीवरच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्डाबरोबर तो कागद होता, घडीवर फाटत आलेला. “पण याचं काय? नणंदेनं हा चार घरांत वाचून दाखवलाय. तुमी बोलाल आन् जाल. कागद हितंच ऱ्हाणार. कागदानं सांगितलंय शिस्टर, कागदानंच मागं घेऊ दे.”

खाली माझी सही होती. अक्षर सुरेख आहे माझं.

संध्याकाळी तिचा नवरा आला. मी त्याच्यासमोर सगळं परत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग डॉक्टरनी का नाय सांगितलं?” ते उत्तर माझं नाही.

म्हणून हे इथे, छापून.

मोठे डॉक्टर, हा अंक तुमच्या वेटिंग रूमच्या टेबलावर दर वर्षी असतो, मला माहीत आहे. मी नवा कागद करून ठेवला आहे. त्यावर चार ओळी आहेत. नळी चौथ्या दिवशी काढायला सांगितली होती, इन्चार्ज सिस्टरने ती काढली नाही. वॉर्डातली माणसं आणि पिशव्यांची झबली रुग्णालयाने काढून घेतली होती. लघवीचा नमुना प्रमाणपत्राच्या तपासणीपायी अडवून ठेवला, अडवणारे तुम्ही. सुनेचा दोष नाही. खाली डाव्या बाजूला माझी सही झालेली आहे. उजवी बाजू तुमच्या सहीसाठी रिकामी आहे.

ती सही मला नको, मंगलला हवी आहे, तिच्या अंगणात, नणंदेसमोर मोठ्याने वाचून. तिसरी सिस्टर मागत नाही, मावशी मागत नाही, या वेळी भाव करत नाही.

तारीख तुम्ही सांगा. कधी येता?